हवा राहिली की माल गेला

जपानात काल रात्री किती बर्फ पडला, हे मला काही वर्षं रोज सकाळी चहाबरोबर कळत असे. माझं जपानशी काही देणंघेणं नव्हतं. मी ओमानमध्ये, बातिना किनाऱ्यावरच्या सहमला राहत होतो. तिथे दोन सरी जोरात आल्या तरी शाळांना सुट्टी देतात. अशा गावात सकाळी सात वाजता टपरीवर चहाचा कागदी कप हातात धरून आमचे भाऊ समाधानाने सांगायचे, "काल नीगाताला रात्रभर पडला बरं का. कोरडा. एकदम कोरडा." जणू गुहागरला स्वतःच्या बागेत पाऊस पडला असावा.

भाऊ मूळचे गुहागरकडचेच. मी ज्या मासळी निर्यातीच्या कंपनीत काम करायचो, तिचाच बर्फाचा कारखाना होता आणि भाऊ त्या कारखान्याचे सर्वेसर्वा. मालक ओमानी अर्बाब. तो अधूनमधून यायचा, दोन खजूर खाऊन काहवा प्यायचा आणि जायचा. "अर्बाब सह्या करतो, बर्फ मी करतो," असं भाऊ म्हणत. किनाऱ्यावरचे कोळी त्यांना 'अबू थल्ज' म्हणायचे, म्हणजे बर्फाचा बाप. भाऊंना हे नाव पसंत नव्हतं. नावातल्या बापाला त्यांची हरकत नव्हती, बर्फाला होती.

"हा काय बर्फ आहे?" लादीवर चपलेचं टोक आपटून ते विचारत. "हे गोठलेलं पाणी. मशीन करतं, त्यात माझं काय कौतुक? बर्फ वरून पडतो, मेल्या. वरून."

असं म्हणत, पण त्या गोठलेल्या पाण्यातही कुणाला चूक करू द्यायचे नाहीत. साच्यातून लादी निघाली की आधी तिच्याकडे उजेडाच्या बाजूने बघायचे. आरपार दिसली तर पास. मधोमध पांढरट रेघ दिसली की लादी नापास. पांढरं म्हणजे आत हवा अडकली आणि हवा अडकलेली लादी होडीत लवकर पाणी होते. त्यावरून त्यांचं एक ब्रीदवाक्य तयार झालं होतं आणि ते कारखान्यातल्या बंगाली, मल्याळी, बलुची सगळ्या पोरांना मराठीतच पाठ होतं. "हवा राहिली की माल गेला." एकदा तर अर्बाबही कुणाला तरी फोनवर ते ऐकवताना मी ऐकला आहे. उच्चार धेडगुजरी होता, पण अर्थ बरोबर लागू केला होता.

या ब्रीदाचा खरा कस लागायचा तो सुट्टीच्या दिवसांत. गल्फमधला माणूस गावी निघाला की त्याच्या सामानात अत्तर असतं, दुधाची पावडर असते, पोरांची चॉकलेटं असतात आणि आमच्याकडच्या कोकणी माणसाच्या सामानात थर्माकोलच्या पेटीतली सुरमई असते. गावाला समुद्र आहे, तिथे सुरमई मिळते, तरी इथली न्यायचीच. ही पेटी भरावी तर भाऊंनी. सहमपासून पार सीबपर्यंतची माणसं मोठ्या सुट्टीआधी पेट्या घेऊन त्यांच्या दारात यायची. भाऊ बाह्या वर करून बसायचे. तुकडे असे रचायचे की मध्ये बोट शिरू नये, वर बर्फाचा चुरा, त्यावर तळहाताने दाब, पुन्हा चुरा, पुन्हा दाब. मग गुडघा टेकवून झाकण बसवायचे आणि चिकटपट्टी. भाऊंची पेटी रत्नागिरीपर्यंत एक थेंब गळत नाही, अशी ख्याती होती. एकजण तर म्हणाला होता की भाऊंनी बांधलेली पेटी उघडताना मासळी पुन्हा पकडावी लागते.

आता हा माणूस जपानच्या नादी कसा लागला, ते. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, हे त्याचं मूळ.

लग्न झालं तेव्हा भाऊ मुंबईत एका शीतगृहात नोकरीला होते. लग्नानंतर मनालीला जायचं ठरलं होतं. वहिनींना बर्फ बघायचा होता. त्यांच्या वर्गातली एक मैत्रीण जाऊन आली होती आणि बर्फाचा गोळा करून नवऱ्याच्या पाठीत कसा मारला, ते तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की वहिनींनी लग्नाआधीच एक बर्फाचा गोळा भाऊंच्या नावाने राखून ठेवला होता. हळद उतरते न उतरते तोच ओमानचा व्हिसा आला. "पुढच्या सुट्टीत नक्की," असं सांगून भाऊ विमानात बसले.

पुढची सुट्टी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये गेली. त्यापुढची घराच्या कौलांमध्ये, मग बहिणीचं लग्न, मग बारसं, मग गणपती, आणि गणपती तर दर वर्षीच. गल्फच्या माणसाची सुट्टी त्याची नसते. गावाने ती आधीच वाटून घेतलेली असते. भाऊंना त्याचं वाईट वाटत नसे, सुट्टीला ते हातच लावत नसत. म्हणत, "सुट्टी गावाची. मनाली काढायची तर ती वेगळी काढायची." ती वेगळी कुठून काढणार, हे मात्र सांगत नसत.

मुलं मोठी झाली, मार्गाला लागली, सासूबाई गेल्या आणि वहिनी सहमला आल्या. तोपर्यंत दोघांच्याही केसांत पांढरं आलं होतं. आता सुट्टीत गाव नव्हतं, माणूस मोकळा झाला होता. कुणीही म्हणेल, आता तरी जावं मनालीला. पण मधल्या वर्षांत भाऊंनी बर्फाचा अभ्यास केला होता! एवढी वर्षं बायकोला थांबवलं, आता तिला ऐरागैरा बर्फ दाखवायचा? त्यांच्या मनाला ते पटेना.

"मनालीचा बर्फ ओला असतो. चिखल नुसता," ते मला समजावत. "आणि गर्दी? बर्फ कमी नि मॅगीवाले जास्त. स्वित्झर्लंड म्हणशील तर नुसतं फोटो काढण्यापुरतं. खरा बर्फ जपानात. सैबेरियातून कोरडा गार वारा निघतो, समुद्रावरून येताना पाणी उचलतो नि डोंगराला आपटतो. आपला पाऊस सह्याद्रीला आपटतो ना, तस्सा. फक्त तिथे पाण्याच्या जागी पावडर. हातात घेतलीस नि फुंकलंस तर उडून जाईल."

"मग जपानात चला की. तिथे ते निसेको का काय ते प्रसिद्ध आहे ना?"

"निसेको?" भाऊंचा चेहरा आंबट झाला. "ते आता गणपतीपुळे झालंय. मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते ना, तसं. खरी ठिकाणं लहान असतात. गावातल्या लोकांची. डोंगरावर नेणारा एक पाळणा, एक खानावळ, बस्स. बाहेरच्या माणसाला नावसुद्धा ठाऊक नसतं."

"नाव काय?"

"नाव मी सांगत नसतो. तू सांगणार, मग उद्या सगळं सहम तिथे."

सहममधला एकही माणूस जपानला जायला निघालेला नव्हता. तरी भाऊंनी ती नावं शेवटपर्यंत गुप्त ठेवली. फोनवर रोज त्या डोंगरांचे कॅमेरे उघडून बघायचे. पांढऱ्या पडद्यावर पांढरं काहीतरी हलताना दिसायचं आणि भाऊ मान डोलवायचे. यंदा एखाद्या डोंगरावर पडला, तर "बघू, पुढच्या वर्षी कसा पडतो," म्हणायचे. पुढच्या वर्षी त्याहून लहान, त्याहून लांबचा, कुणालाच माहीत नसलेला डोंगर सापडायचा. स्थळं बघणाऱ्या आईबापांसारखं चाललं होतं. प्रत्येक स्थळात काहीतरी खोट निघे आणि मुलगी घरातच राही.

मुलगी म्हणजे वहिनी. त्या हसायच्या. त्यांनी मस्कतच्या रुवी बाजारातून एक लाल कोट आणून ठेवला होता. जाड, आत लोकर असलेला, गुडघ्यापर्यंतचा. कपाटात पंजाबी ड्रेसांच्या रांगेत तो एकटाच फुगून बसलेला असे. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही लाही व्हायची आणि या बाई तो काढून उन्हात टाकायच्या, कसर लागू नये म्हणून. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "वहिनी, कधी निघताय?" तर म्हणाल्या, "यांचा बर्फ पिकला की."

एका जानेवारीत जेबेल शम्सवर बर्फ पडला. जेबेल शम्स हा ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर. तिथे काही वर्षांतून एखादवेळी थोडं पांढरं होतं आणि मग अख्खा देश गाड्या काढतो. सहमहून पहाटे निघालं तर दुपारच्या आत पोहोचता येतं. गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ येऊ लागले. पायघोळ दिशदाशा वर धरून माणसं त्या पांढऱ्यात नाचत होती. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिने घर डोक्यावर घेतलं. मी कंपनीची फोर-व्हील मागून घेतली आणि खालच्या मजल्यावर भाऊंच्या घरी जाऊन त्यांना म्हटलं, "चला. दोन सीट रिकाम्या आहेत."

वहिनी आतून कोट घेऊनच बाहेर आल्या.

भाऊंनी माझ्या फोनवरचा व्हिडिओ पाहिला. थांबवून, मोठा करून पाहिला. लादीकडे बघत तसं. मग फोन परत दिला.

"हा बर्फ नव्हे. गारा आहेत. वर जरा भुरभुर. आपण पोहोचेपर्यंत चिखल."

"असू दे ना हो," वहिनी म्हणाल्या. "चिखल तर चिखल."

"एवढी वर्षं थांबलीस ती चिखल बघायला? पहिला बर्फ बघायचा तर बर्फ बघायचा. पहिला एकदाच असतो."

वहिनींनी कोटाची घडी घातली. "काखेत कळसा नि गावाला वळसा," एवढंच म्हणाल्या, तेही हसून, आणि आत गेल्या. आम्ही गेलो. भाऊ म्हणाले ते खरं होतं, बराचसा चिखलच होता. दगडांच्या आडोशाला मूठ-दोन मूठ पांढरं शिल्लक होतं. माझ्या मुलीने त्याचा गोळा केला आणि माझ्या पाठीत मारला. आम्ही परत आलो तेव्हा वहिनींनी तिला जवळ बसवून विचारलं, "गार होता? किती गार? हाताला चिकटतो का गं?" मुलीने मोडक्या मराठीत सांगितलं, "काकू, इट वॉज सो फन. हात एकदम फ्रीझ झालेला." वहिनींनी तिचे हात हातात घेतले. ते केव्हाच गरम झाले होते.

त्यानंतर दोनेक वर्षांत वहिनींचा दमा बळावला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाई, छाती आधीच नाजूक होती. इथली धूळ तिला सोसली नाही. आणि नेमकं तेव्हाच भाऊंचं ठरलं. डोंगर सापडला होता. नीगाताच्या पलीकडे, त्यांच्या मते जपान्यांनाही फारसा ठाऊक नसलेला. हंगामही चांगला होता. वसईचा फ्रान्सिस रुवीला तिकिटांच्या ऑफिसात होता, त्याच्याकडून दोन तिकिटं काढली. गुरुवारी ड्युटी संपवून निघायचं, शुक्रवारी रात्री पोहोचायचं, शनिवारचा दिवस बर्फात, रविवारी परत. फ्रान्सिसने कपाळाला हात लावला. "भाऊ, लोक जपानला पंधरा दिवस जातात. तुम्ही वीकेंडला चालले? आठवडा रजा काढा ना."

"रजा कशाला? बर्फ बघायला एक दिवस पुरतो," भाऊ म्हणाले. इतक्या वर्षांची सवय. गावाचं ओझं उतरलं तरी सुट्टीला हात लावायचा धीर त्यांना होत नव्हता.

व्हिसे आले. आणि मग वहिनींच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "गार हवा बिलकुल नको. एवढ्या थंडीत श्वास अडकला तर तिथे काय करणार?"

मी त्या संध्याकाळी खाली गेलो होतो. भाऊ तिकिटं रद्द करायला निघाले होते, पण वहिनींनी अडवलं. "तुम्ही जा. एकाने तरी बघा. मला येऊन सांगा." भाऊ एकदम उठले, गॅलरीत गेले आणि थर्माकोलची एक कोरी पेटी घेऊन आले. वहिनींच्या पुढ्यात ठेवली.

"तू येऊ शकत नाहीस ना? मग तो येईल."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. आणि मला ते अजिबात वेड्यासारखं वाटलं नाही, हे आज सांगतो. ज्या माणसाने हजार सुरमया रत्नागिरीला पोहोचवल्या, त्याने एक पेटी बर्फ जपानहून आणायचा म्हटलं तर त्यात अशक्य काय होतं? वहिनींचं तिकीट रद्द करून माझं काढायचं, माझा व्हिसा करायचा आणि पेटी धरायला म्हणून मी जायचं, असं ठरलं. माझ्या बायकोने फक्त एवढं विचारलं की तुम्ही दोघंही ठीक आहात ना.

त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बसून बसून पाय सुजले. तोक्योहून गाडीने बोगद्यामागून बोगदे ओलांडत गेलो आणि एका बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा खिडकीबाहेर फक्त पांढरं होतं. भाऊंनी काचेला नाक लावलं. रात्री एका लहानशा घरगुती हॉटेलात झोपलो. सकाळी मी उठलो तेव्हा ते कधीचे तयार होऊन बसले होते. मांडीवर पेटी.

डोंगर खरंच त्यांनी वर्णन केला होता तसाच होता. एक पाळणा, एक खानावळ. पाळण्यावर गावातली चार म्हातारी माणसं स्की पायाला बांधून शांतपणे वरखाली करत होती. रात्रभर पडलेला बर्फ कुणीही तुडवलेला नव्हता. भाऊंनी पहिलं पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेले. दुसरं टाकलं आणि कमरेपर्यंत. मी ओढायला धावलो, तर ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हातात बर्फ घेतला, फुंकला. सगळा उडून गेला. पुन्हा घेतला, पुन्हा फुंकला.

"बघितलंस? बघितलंस ना?" ते ओरडले. "मी काय सांगत होतो?"

मग हात खाली आले. तसेच त्या बर्फात कमरेपर्यंत रुतून उभे राहिले. "ही असती तर," असं काहीतरी पुटपुटले. मी दुसरीकडे बघितलं. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती आणि दोन्हीपैकी काय दाखवावं ते कळत नव्हतं.

पेटी भरायची वेळ आली. खानावळ चालवणारी एक म्हातारी बाई आमच्याकडे कौतुकाने बघत होती. मी फोनवरून भाषांतर करून तिला सांगितलं की यांची बायको आजारी आहे, तिच्यासाठी बर्फ न्यायचा आहे. तिने तोंडावर हात धरला, वाकून नमस्कार केला आणि स्वतः फावडं घेऊन आली. खानावळीमागे सावलीतला सगळ्यात मऊ बर्फ होता, तो तिने पेटीत अलगद सोडला. पीठ चाळल्यासारखा. पेटी काठोकाठ भरली. वर झाकण ठेवायचं फक्त बाकी.

भाऊंनी बाह्या वर केल्या. आणि तळहाताने दाबलं.

बाई ओरडलीच. हात हलवून नको नको म्हणाली. फोन माझ्या हातून घेऊन काही बोलली आणि माझ्यापुढे धरला. भाषांतर आलं. "दाबू नका. यात बर्फ थोडा असतो, बाकी हवा असते."

"भाऊ, दाबू नका म्हणते. हवेमुळेच तो तसा आहे म्हणते."

"तिला काय ठाऊक सहम किती लांब आहे?" भाऊ मान वर न करता म्हणाले. "हवा राहिली की माल गेला. घाल अजून."

मी पुन्हा म्हटलं. पण तो हात थांबणारा नव्हता. चुरा, दाब, पुन्हा चुरा, पुन्हा दाब. सुरमईच्या पेटीला द्यायचे तोच हात, तोच गुडघा झाकणावर. किती फावडी बर्फ त्या पेटीत गेला कोण जाणे. बाई शेवटी घालायची थांबली. चिकटपट्टी लागली तेव्हा पेटी मला एकट्याला उचलवेना.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आत काय आहे? बर्फ, म्हटलं. ती आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि पेटीवर 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवली. मस्कतला कस्टमवाल्या ओमानी पोरानेही तेच विचारलं. मी "थल्ज" म्हटलं. त्याने पेटीला हात लावून पाहिला, आमच्या सुजलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "बाबा, ओमान में बर्फ नहीं मिलता क्या?" भाऊ म्हणाले, "ऐसा नहीं मिलता." पोराने हसून जायला खूण केली. पेटीतून खरोखर एक थेंब गळला नव्हता. गाडी चालवताना भाऊ तीनदा मला म्हणाले, "एक थेंब नाही बघ."

घरात वहिनी तयार होऊन बसल्या होत्या. लाल कोट, पायांत मोजे, डोक्याला स्कार्फ. भाऊंनी फोन करून एसी सोळावर ठेवायला सांगितलं होतं. वहिनींना मधूनमधून खोकला येत होता, मी म्हटलं कमी करू का, तर म्हणाल्या, "राहू दे, भावजी. आजचा दिवस." खालच्या चटईवर पेटी ठेवली. भाऊंनी सुरीने चिकटपट्टी कापली, झाकण काढलं आणि बाजूला झाले, वहिनींना नीट दिसावं म्हणून.

आत लादी होती.

पेटीच्या आकाराची, चारी कोपरे धारदार, एकसंध. कडेकडेने थोडी आरपारसुद्धा दिसत होती. कारखान्यात असती तर पास झाली असती.

भाऊंनी वाकून बोट टेकवलं, मग नखाने खरवडलं. नख घसरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बर्फात काढलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत मी त्या क्षणी जे पाहिलं ते मला विसरता येत नाही. त्यांना सगळं कळलं होतं. न दाबता आणला असता तर किती टिकला असता, देव जाणे. थोडा बसलाच असता. पण वरचा चार बोटांचा थर तरी फुंकरीने उडाला असता, असं मला आजही वाटतं.

वहिनींनी हात पुढे केला आणि लादीवर ठेवला.

"अगो बाई. हा तर आपलाच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी भाऊंचा चेहरा बघितला असावा. त्या उठल्या, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि किसणी घेऊन आल्या. भाऊंना म्हणाल्या, "धरा हो जरा." भाऊंनी एक कोपरा फोडून दिला, वहिनी तो किसू लागल्या. बारीक पांढरा कीस कोटावर पडायला लागला, मांडीवर, हातांवर. त्यांनी थोडा मुठीत घेतला, दाबून गोळा केला आणि भाऊंच्या पाठीत मारला. जोरात नाही. त्यांच्यात तेवढा जोर राहिला नव्हता. गोळा पाठीला लागून खाली पडला.

"झालं," म्हणाल्या. "लग्नापासून राहिला होता."

भाऊ हसले नाहीत. खाली बसून त्यांनी विचारलं, "कसा वाटला?"

वहिनींना खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "छान आहे हो." आणि थोडं थांबून, अगदी सहज, तक्रारीचा सूरही न लावता म्हणाल्या, "जेबेल शम्सचापण चालला असता मला. त्या दिवशी मी पळू शकत होते."

मी एसी बंद केला आणि वर निघून आलो.

वहिनी पुढच्या पावसाळ्यात गेल्या. गावीच, गणपतीच्या आधी. भाऊ त्यानंतर इथे फार राहिले नाहीत. कारखान्यात यायचे, पण लादी उजेडात धरून बघायचं त्यांनी सोडलं होतं. पांढरी रेघ असलेल्या लाद्या पास होऊ लागल्या आणि कोळ्यांच्या लक्षातही आलं नाही. सकाळच्या चहाला जपान बंद झालं. जाताना सामान वाटून टाकलं. थर्माकोलची एक पेटी मी मागितली, ती दिली नाही.

मी आता मस्कतला, वादी कबीरला राहतो. मुलगी दहावीला आहे. यंदा जानेवारीत पुन्हा जेबेल शम्सवर बर्फ पडला. व्हिडिओ आले आणि मला राहवलं नाही, मी गुहागरला फोन लावला.

"भाऊ, जेबेलवर पडलाय."

पलीकडे वारा ऐकू येत होता, बागेत असावेत. मला वाटलं, विचारतील. कोरडा की ओला, किती बोटं, गारा की भुरभुर. मी एक व्हिडिओ थांबवून, मोठा करून आधीच नीट बघून ठेवला होता.

"पोरीला घेऊन गेलास?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. परीक्षा तोंडावर आहे. शिवाय यंदाचा काही खास नाही, चिखलच दिसतोय. पुढच्या वर्षी चांगला पडला तर..."

"आत्ता निघ," भाऊ म्हणाले. आवाज चढला होता, मग एकदम खाली आला. "अरे, ओला असला तरी चालतो त्यांना. आपल्यालाच चालत नाही."

मी फोन ठेवला आणि मुलीला पुस्तक मिटायला सांगितलं.